कासामामीच्या अख्ख्या अंगाचा फोटो

मी एस.टी.त कंडक्टर, जिंतूर डेपोला. लोकांवर ओरडणं हे माझं कामच, त्याचाच पगार खातो. पण माझ्या ओरडण्याला जिनं जन्मात कधी भीक घातली नाही अशी एकच बाई, माझी मामी कासाबाई. बोरीच्या स्टँडवर पदराखाली कोकरू दाबून ती गाडीत चढायची. मी म्हणायचो, "मामी, जनावर गाडीत चालत न्हाई." ती म्हणायची, "आंगद्या, तुला काखंत मारून मी मेंढरामागं हिंडलेय. तव्हा तू तरी काय मानूस व्हतास? मार घंटी." अख्खी गाडी फिदीफिदी हसायची आणि मी घंटी मारायचो. दुसरं करणार काय!

माझा मामा भुजंग हा आईचा थोरला भाऊ. बोरीच्या शिवेवर त्यांचं घर, घरामागं मेंढरांचं वाडगं. एक लेक होती, ती सेलूकडं दिलेली. घरात दोघंच. मामा लय देवभोळा. बिरोबाचा भंडारा कपाळाला लागल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. मामी देवाला नमस्कार करायची, पण कामाच्या धबडग्यात, जाता जाता. लांडगा आला तर मामा देवाचं नाव घ्यायचा आणि मामी काठी घ्यायची. एकदा तिनं लांडग्याच्या तोंडातली मेंढी ओढून आणली होती, आणि मेंढीला सोडून लांडग्यालाच शिव्या घालत बसली होती. असली बाई. तिला कधी काही होईल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिच्या डाव्या छातीत गाठ होती. किती महिने होती कोण जाणे. तिनं कुणाला सांगितली नाही. माझी आई माहेरी गेली होती, न्हाताना तिनं बघितली आणि बोंब ठोकली. मी तसाच मामा-मामीला घेऊन परभणीला गेलो. डॉक्टरांनी तुकडा काढला, तपासायला धाडला. कॅन्सरच निघाला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाठ काढता येईल. बाई दणकट आहे. पण एक बघितलंस का तू? उजव्या बरगडीला हात लावला की ती दचकते."

मी मामीला विचारलं. ती म्हणाली, "वारा धरलाय. हुईल बरं."

डॉक्टरांनी उजव्या बाजूचा एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. मला हायसं वाटलं, तर डॉक्टर म्हणाले, "एक्स-रेत दिसलं नाही म्हणजे नाहीच असं धरता येत नाही. हा आजार हाडांत उतरतो तेव्हा सुरुवातीला एक्स-रेला पत्ता लागत नाही. हैदराबादला एक मशीन आहे, ते अख्ख्या अंगाचा फोटो काढतं. सुईतून औषध देतात, ते हाडांत जाऊन बसतं. जिथं काही गडबड असेल तिथं जास्त बसतं आणि फोटोत काळा डाग येतो. डाग नसले तर ऑपरेशन करायचं. डाग असले..." पुढचं ते बोलले नाहीत. मी कंडक्टर माणूस, मला अर्धं बोललेलं चालत नाही. मी म्हणालो, "असले तर काय, साहेब?" ते म्हणाले, "तर कापून उपयोग नाही. घरी न्यायचं, सांभाळायचं."

मामाला मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो नुसता "बिरोबा, बिरोबा" म्हणत राहिला. मामीला सांगितलं तर तिचा प्रश्न निराळाच. "त्या मशीनला समदं दिसतंय?"

"समदं."

"आतलंबी?"

"आतलंच तर बघायचंय, मामी!"

तिनं पदर कुशीवर ओढून घेतला. मला वाटलं, घाबरली. घाबरलीच होती ती, पण कशाला, ते मला लय उशिरा कळलं.

हैदराबादच्या दवाखान्यात नंबर लागायला मधे काही आठवडे गेले. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन जोरात होतं. आज मोर्चा, उद्या बंद, आणि बंद म्हटला की पहिला दगड आमच्या एस.टी.वर. आमच्या जायच्या दिवशी नेमका बंद. इतक्या मुश्किलीनं मिळालेला नंबर हुकला तर पुन्हा कधी, आणि तोवर आजार थांबणार आहे का? शेवटी ओळखीच्या एका ट्रकवाल्याच्या पाया पडलो आणि सरकीच्या पोत्यांवर बसून आम्ही परभणी स्टेशन गाठलं. गाडी मिळाली. मामी सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर दुसऱ्याची मेंढरं दिसली की तेवढी नजर हलायची.

दवाखाना म्हणजे एक गावच. डॉक्टर तिथलेच, हैदराबादी बोलीत बोलणारे, दाढी पांढरी, आवाज ढोलासारखा. त्यांनी मामीला "अम्मा" म्हटलं तेव्हा मला जरा धीर आला. मग एक पोरगी जाड डब्यातून सुई घेऊन आली. ती पोरगी डब्यापासून स्वतःच इतकी लांब हात करून चालत होती की मामा म्हणाला, "आंगद, ह्यात काय हाय? हिला हात लावायची भीती वाटायलीय, आन आपल्या मानसाच्या आंगात घालायलेत?"

सुई दिली. पाणी भरपूर प्यायचं, लघवीला जायचं, औषध हाडांत मुरेपर्यंत थांबायचं. आणि पोटुशी बाई किंवा तान्हं लेकरू असेल तिथं बसायचं नाही, औषधाचे किरण अंगातून बाहेर पडतात म्हणून. हे मी मामीला सांगितलं मात्र, तिनं व्हरांड्यातला सगळ्यात लांबचा कोपरा धरला. तेवढ्यात एक पोटुशी पोरगी दमून येऊन नेमकी तिच्याशेजारी टेकली. मामी इंगळी चावल्यासारखी उठली. "लांब बस बाई, लांब! माह्या आंगात इस्तू घातलाय!" त्या पोरीला मराठी येत नव्हतं. तिला वाटलं, ही आपल्याला हाकलतेय. ती रडवेली झाली. मी मधे पडून माझ्या मोडक्या उर्दूत समजावलं. मामी तरी भिंतीला चिकटून उभीच राहिली. आपल्यापायी दुसऱ्याच्या लेकराला काही होऊ नये, एवढीच तिची धास्ती.

फोटोच्या खोलीत जाताना अंगावरचे दागिने काढून ठेवायला सांगितले. वाक्या काढल्या, जोडवी काढली, गळ्यातली पोत काढायची वेळ आली तेव्हा ती थांबली. मामानं हात पुढं केला. तिनं पोत त्याच्या तळहातावर ठेवली आणि आत गेली. दार थोडं उघडं होतं. अरुंद फळीवर तिला निजवलं होतं आणि एक मोठं लोखंडी ताट तिच्या तोंडापासून वितीवर आणून ठेवलं होतं. ते डोक्याकडून पायाकडं इतकं हळू सरकत होतं की सरकतंय का नाही तेच कळेना. मामी हलली नाही. डोळे मात्र टक्क उघडे, छताकडं. मामा दारात उभा राहून मला सारखं विचारायचा, "आता कुठवर आलं? बरगडीपाशी आलं का?" मी म्हणालो, "मामा, मला काय दिसायलंय का?" आणि मलाच माझ्या आवाजाची लाज वाटली, कारण तो फाटला होता.

फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. मामीचा अख्खा सांगाडा त्यात, डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत, लहान लेकराच्या हाताएवढा. मी सगळीकडं बघितलं आणि मग उजव्या बरगड्यांवर नजर गेली. तिथं काळे डाग होते. एकाखाली एक.

डॉक्टर मामीकडं वळले. "अम्मा, इधर मार-वार लगा था? गिरे थे?"

मी मराठीत सांगितलं. मामीनं मान हलवली. न्हाई.

"किसी ने मारा? जनावर ने? गाड़ी से गिरे? याद करो."

"न्हाई."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. माझ्याकडं बघून म्हणाले, घरात मारहाण होते का? मी मामाकडं बघितलं. ह्या माणसानं मेंढरावर काठी उगारली नाही, तो बायकोवर काय उगारणार! मामी तर चवताळलीच. "ह्यांनी? ह्यांनी मुंगीबी मारली न्हाई. काय नाय लागलं मला. सांगितलं ना!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, मार नाही तर मग आजारच हाडांत गेला असं धरावं लागेल. ऑपरेशनचा फायदा नाही. दुखण्यावर गोळ्या देतो, परभणीच्या डॉक्टरांना लिहून देतो.

आम्ही बाहेर आलो. अंगणात लिंबाचं झाड होतं, त्याखाली बसलो. मामाला उर्दू कळायचं, त्याला सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, "पानी आनतो," आणि तांब्या तिथंच विसरून नळाकडं गेला. हिला आता बोरीला न्यायची, आणि मग? आईला काय सांगू? सेलूच्या पोरीला काय सांगू?

मामी जवळ सरकली. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "आंगद, त्या फोटूत एडका दिसला का रं?"

मला वाटलं, झालं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. "कसला एडका, मामी?"

"आपला. देवाचा."

मग तिनं सांगितलं. पहिल्या परभणीच्या खेपेच्या थोडंसंच आधी ती वाडग्यात वाकून पेंड टाकत होती. देवाचा एडका मागून आला आणि अशी धडक दिली की ती गव्हाणीच्या दगडावर जाऊन आदळली. उजव्या कुशीवर. श्वास घेता येईना. पण ओरडली नाही. मामा तेव्हा रानात होता.

"आगं पन सांगितलं कामून न्हाईस? तीनदा विचारलं त्यानं!"

"ह्यांच्या म्होरं सांगू? येडा का खुळा तू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. देवाच्या नावानं एक एडका सोडायचा. त्याला दोरी नाही, कातर नाही, काठी नाही. तो म्हातारा होऊन आपल्या मरणानं गेला तर घराला बरकत. पण त्यानं घरच्या बाईवर शिंग टाकलं, तर देवानं तो परत मागितला असं समजायचं आणि येत्या जत्रेत देवापुढं कापायचा. हा एडका मामीनं वाढवला होता. त्याची माय मेली तेव्हा शेळीच्या दुधात चिंधी बुडवून तिनं त्याला चोखायला दिली होती. म्हणून तिला त्या मशीनची भीती! आजार दिसेल म्हणून नाही, धडक दिसेल म्हणून. मामाच्या म्होरं एडक्याचं नाव निघायला नको, एवढ्यासाठी ही बाई मरण पदरात घेऊन बोरीला निघाली होती!

मी असा काही भडकलो की झाडावरचे कावळे उडाले. "मामी, त्या डॉक्टरनं तुला मेल्यात जमा केलीय, कळतंय का? ते डाग धडकेचे असतील तर तुझं ऑपरेशन होतंय! ऊठ!"

"ह्यांना सांगू नको. तुला माह्या गळ्याची आन."

"ऊठ म्हनतो ना!" जन्मात पहिल्यांदा तिनं माझ्या ओरडण्याला मान दिला. उठली.

डॉक्टर जायच्या घाईत होते. मी दार अडवून सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे मियाँ, तीन बार पूछा मैं!" पण बॅग खाली ठेवली. म्हणाले, डाग एका ओळीत होते म्हणून तर विचारत होतो. पडल्या-आदळल्यावर असे ओळीत येतात. आता पुन्हा एक्स-रे काढू. मोडलेलं हाड जुळायला लागलं असेल तर इतक्या आठवड्यांनी दिसेल. पण नुसतं अम्माच्या बोलण्यावर मी भरोसा ठेवणार नाही, बघूनच सांगेन.

मामी एक्स-रेला गेली. मामा नळावरून आला, त्याला काही समजेना. "परत फोटू कशाला? अजून काय वाईट निघालं का?" तिनं मला आन घातलेली. काय बोलू? "तसंच जरा," म्हणालो. तो माझ्या बाजूला बसला. मुठीत पोत तशीच होती, मामीला परत द्यायचं भान दोघांनाही राहिलं नव्हतं. तो पुटपुटत होता आणि मीसुद्धा मनातल्या मनात बिरोबाला हात जोडत होतो. एक्स-रेत काही नाही निघालं तर? धडक बसली असेल, आणि आजारही गेला असेल तर? ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींना काही विचारून येतात थोड्याच!

डॉक्टर फोटो हातात हलवत बाहेर आले आणि त्यांच्या त्या ढोलाच्या आवाजात अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "वा रे तुम्हारा मेंढा! अम्मा की हड्डियाँ तोड़ दिया! जुड़ रई हैं अब. बाकी सब हड्डी साफ है. सोमवार को ऑपरेशन करेंगे."

मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मी मामाकडं वळलो तर त्याचा चेहरा पांढराफटक.

"एडक्यानं?" तो म्हणाला. "घरच्या बाईला?"

मामीनं मान खाली घातली.

नर्स कागद आणि शाईचा डबा घेऊन आली. नवऱ्याचा आंगठा, बाईचा आंगठा. मामानं आपला आंगठा लगेच दिला. मग म्हणाला, "जत्रा म्होरल्या महिन्यात हाय. एडका द्यावा लागंल."

"मंग मी आंगठा देत न्हाई," मामी म्हणाली.

मी म्हणालो, "मामी, आता पुरे झालं हां!"

"तू गप. माह्या तोंडातून निघालं म्हनून त्यो मरायचा, आन त्याच बोलन्यानं मी जगायची? तसलं जगनं मला गोड लागंल का रं? भाकरीचा घास उतरंल का? मला धाडा बोरीला."

"आगं, देव कोपला तर?" मामा म्हणाला. "त्येचं त्येला दिलं न्हाई, आन तुला त्या टेबलावर निजवली, आन देवानं तुलाच नेलं तर? म्या काय करू?"

नर्स म्हणाली, जल्दी करो. कुणी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचंही खरं वाटत होतं. मामी हात पदरात गुंडाळून बसली. लांडग्यापुढं हटली नाही ती बाई, नर्सपुढं काय हटते! मामा तिच्यापुढं उकिडवा बसला. मग म्हणाला, "कासे, धडक तुला बसलीच न्हाई."

"म्हंजी?"

"मला बसली. वाडग्यात पेंड म्या टाकत व्हतो. बाप्याला एडक्यानं पाडलं तर देव त्येचं काय धरत न्हाई."

माझा मामा, जो बाजारात मेंढी विकताना तिचा लंगडा पाय आपण होऊन व्यापाऱ्याला दाखवायचा आणि मामीच्या शिव्या खायचा, तो हे बोलत होता.

मामीनं वर बघितलं. "देवाला लबाड बोलताल?"

"बोलन. कोपला तर माह्यावर कोपू दे. तू नगं जाऊ." आणि तो भर व्हरांड्यात लेकरासारखा रडायला लागला.

मामीनं पदरातून हात काढला आणि आंगठा पुढं केला. नर्सनं तो धरून कागदावर टेकवला. तोवर मामा उठला होता. त्याला धीर कुठला! भिंतीकडं तोंड करून, एक हात जोडल्यासारखा कपाळाशी आणि दुसरा आपल्या डाव्या कुशीवर दाबून, तो लागलाच देवाला सांगायला, "देवा, हितं लागलं बग मला, हितं..."

"आवो," मामी मागून हळूच म्हणाली, "उजवीकडं."